सहा रेघा, तीन ठिपके

ता. ४ जानेवारी १८८८, बुधवार

नाथा सापडला नाही. आज सहावा दिवस.

लोक नुसते बोलतात, टिपून कोणी ठेवत नाही. मी ठेवतो. नाथा, वय बावीस, कोपरीच्या मिठागरात माझ्या हाताखाली. शुक्रवार, ३० डिसेंबर, पौर्णिमा. काम सुटल्यावर पलीकडे घरी जायला उताराकडे निघाला. ओहोटीला खाडी पायी ओलांडतात ती जागा, दुसरीकडे नाही. अंगात बंडी, डोक्याला तांबडे फडके. सहाचे टोल पडून गेल्यावर चौघांनी त्याला बांधावरून जाताना पाहिले. पलीकडच्या काठावर कोणीच पाहिले नाही. मध्ये शंभर-सव्वाशे हात पाणी, तेही मांडीला. माणूस जातो कुठे?

कारकून म्हणाला, "गेला असेल एखाद्या दलालाबरोबर परमुलखात, मजुरीला." मी विचारले, आणि कोयता खुंटीला तसाच ठेवून? दुसऱ्या दिवशीची सुकट बांधून? कारकून दौत झाकू लागला. ह्यांना शाळा मिळाली, नजर नाही मिळाली. मी गोणपाटावरचे शिक्के बघून अक्षर शिकलो. कोणी पंतोजी नव्हता.

ता. ६ जानेवारी, शुक्रवार

उताराच्या तोंडाची पाटी पुन्हा रंगवली. खारी हवा चुना खाते.

माझ्या माणसांना वाचता येत नाही, पण टोल मोजता येतात. ठाण्याच्या कचेरीचे टोल वाऱ्यावर मिठागरापर्यंत येतात. म्हणून मी टोलाइतक्या रेघा काढतो, वर पाव तासाला एक ठिपका. तेवढ्या वेळेपर्यंत उतार पायी चालतो. पुढे होडी. ही युक्ती माझी. आधी कोणाला सुचली नव्हती.

बापजाद्यांचा हिशोब असा — तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. अवसे-पुनवेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. सहा तासांनी ओहोटी, सव्वापाचला. त्यापुढे एक तास उतार. म्हणजे सहा रेघा, एक ठिपका. माझा बाप हेच सांगे, त्याचा बाप हेच. पण घड्याळ घेऊन खुंटाजवळ बसले कोणी होते? मी बसलो! मागल्या महिन्यात, ओळीने तीन दिवस, उघाडीच्या, म्हणजे बांधातल्या पाणदाराच्या, फळीवर. ओहोटी सव्वापाचला नव्हेच. पावणेसहाला! तिन्ही दिवस अर्ध्या तासाचा फरक. तेव्हापासून पाटीवर सहा रेघा, तीन ठिपके. सात पिढ्यांची चूक मी एकट्याने काढली.

घड्याळ शेठजींनी दिलेले, वादळात बांध वाचवला म्हणून. दर रविवारी चालत ठाणे स्टेशनावर जातो आणि तिथल्या मोठ्या घड्याळाशी लावून घेतो. बायको रंगू म्हणाली, "माझा भाऊ म्हणत होता, आगगाडीचं घड्याळ निराळं चालतं." म्हटले, सूर्य काय दोन आहेत?

ता. ९ जानेवारी, सोमवार

काही नाही. उघाडी वेळेवर उघडली, वेळेवर पाडली.

लोक म्हणतात मला कमी ऐकू येते. खोटे. लोकच तोंडात बोलतात.

ता. १४ जानेवारी, शनिवार

काल पोपट गेला!

वय एकोणीस. अमावास्या. पुन्हा शुक्रवार, पुन्हा उतार, पुन्हा सहाचे टोल पडून गेल्यावर. बरोबरचे तिघे टोल पडण्याआधीच ओलांडून गेले, हा मागे राहिला — खोऱ्याचा दांडा निसटला होता तो ठोकत. दांडा ठोकलेला आहे. घट्ट. मी हलवून पाहिला.

आज सकाळी ओहोटीला दोन्ही काठ पायांनी तुडवले. चिखलात शेकडो पावले, पोपटाची कुठली? पाण्यात शोधा असे एक-दोघे म्हणाले. मांडीभर पाण्यात धडधाकट पोरगा बुडतो का, मी विचारले. पाटी समोर होती. दोघे माघारी फिरले.

ता. १५ जानेवारी, रविवार

मिठागरात एकच विषय — गिऱ्हा. खाडीतले भूत, अवसे-पुनवेला तरणे पोर ओढते. एकाने उताराच्या तोंडाशी नारळ, अंडे ठेवले. मी ते उचलून फेकले. नारळ परत तरंगत आला तेव्हा बायका ओरडल्या.

अवसे-पुनवेलाच का? — हा प्रश्न मात्र खरा आहे. लिहून ठेवतो.

स्टेशनावरून परतताना होडीपाशी धाकू भेटला. धाकू म्हणजे तरीवाला, माझ्यापेक्षा पाच-सात वर्षांनी मोठा. बापाच्या वेळेपासून खाडी उतरवायची होडी त्यांच्याकडे. पाटी बदलली तशी त्याची होडी रिकामी जाते.

"या पंडित! आज काय म्हनते पाटी?"

म्हटले, तुझ्या पोटात दुखते ते दिसते आहे.

"दुखतंय तर. पन पानी पाटी वाचत नाय, गुणाजी. अवसे-पुनवेला पानी घोड्यावानी येतंय. सहाच्या टोलावर माझ्या सख्ख्या पोराला मी नाय उतरू देनार."

हे तो जवळ येऊन, ओरडून बोलला. मुद्दाम ओरडतो, मी बहिरा असल्यासारखा. मी घड्याळ काढून दाखवले. तो हसला. "त्याला पोहता येतं का रं?" म्हणाला. आणि मी वळल्यावर मागून — "येतील! सगळी पोरं माझ्याच होडीत परत येतील, बग तू!"

शब्द जसेच्या तसे उतरवले.

ता. २० जानेवारी, शुक्रवार

पोपटाची आई रोज काम सुटताना बांधावर येऊन बसते. माझ्याशी बोलत नाही. कोणाशीच नाही.

ता. २८ जानेवारी, शनिवार. माघी पौर्णिमा

आज रात्री, पहाटेपूर्वी, ग्रहण लागणार. पलीकडच्या गावची माणसे लवकर सोडा म्हणत होती. मीठ ओढायचे राहिले होते, सोडली नाहीत.

दुपारी रघु आला. माझा जावई, तुळसाचा नवरा. वय चोवीस, उजव्या-डाव्या दोन्ही हातांत सारखेच बळ, मिठाच्या राशीवर चढतो तर पायाखाली दाणा सरकत नाही. तुळसाला सातवा महिना.

"मामा, आज होडीनं जाऊ का उतारानं? गिराणाच्या दिवशी ती एकटी नको. घरात कुनी तिला सुरी-विळी हातात घेऊ देल, नेम नाय."

म्हटले, पाटी बघ.

"बगितली. तीन ठिपके हायेत."

आहेत म्हणजे आहेत, मी म्हणालो. माझी पाटी खोटे सांगते का? दोन पोरे गेली म्हणून माझ्याच घरचा माणूस होडीत बसला, तर बाकीचे काय म्हणतील?

"तसं नाय मामा," म्हणाला. हसला. गेला.

ता. २९ जानेवारी, रविवार

सकाळी पहिल्या होडीने रघुची आई आवडाबाई आली. ग्रहणाची आंघोळ करून तशीच, ओल्या केसांनी. "रघु हिकडंच ऱ्हायला ना रात्री? सांगा ना भावजी, हिकडंच ना?"

नाही.

सहाचे टोल पडले तेव्हा तो मीठ झाडून पाय धूत होता, दोघांनी सांगितले. मग डोक्यावर गाठोडे घेऊन निघाला. पाय धुऊन उताराला पोचायला वीस मिनिटे. म्हणजे सहा वाजून वीसला पाण्यात. पावणेसातपर्यंत वेळ! पंचवीस मिनिटे हातात!

मी हिशोब तीनदा केला.

आज स्टेशनावर गेलो नाही. पहिला रविवार चुकला.

ता. ३१ जानेवारी, मंगळवार

धाकूला पकडले.

त्याच्या झोपडीमागे रघुचे गाठोडे वाळत घातलेले सापडले. आत तुळसासाठी घेतलेल्या हिरव्या बांगड्या होत्या. दोन फुटलेल्या. फौजदाराने विचारले तेव्हा धाकू म्हणाला — मी तिथे हजर होतो, माझा डावा कान नीट चालतो — "टोल पडून माझी चिलीम संपली तवा पोरगा पान्यात शिरला. मी ह्या काठाला होतो. ओरडलो, नको उतरू, पानी छातीला आलंय! त्यानं पाटीकडं हात केला. अर्ध्यात गेला आन् दिसंनासा झाला. होडी घालीपरयंत गाठोडं गावलं, पोरगा नाय."

मी विचारले, आणि तीन दिवस बोलला का नाहीस?

"कोन मानंल? पाटीवर तीन ठिपके हायेत."

छातीला! सहा वाजून वीसला पाणी छातीला! एवढेच खोटे पुरे आहे.

ता. २ फेब्रुवारी, गुरुवार

जबानी दिली. फौजदाराने माझी वही पाहिली आणि म्हणाला, "असा साक्षीदार जिल्ह्यात दुसरा नाही." धाकूचे 'येतील सगळी पोरं माझ्याच होडीत' हेही लिहून घेतले. वेळ, पाण्याची खोली, पाटी, सगळे. पाणी मांडीभर होते हे एकदा ठरले की मग बुडणे नाही. बुडणे नाही म्हणजे मारणे. मारणारा एकच उरतो. त्याची होडी रिकामी जात होती आणि तो काठावर होता.

आरोप खुनाचा. तिघांचाही लावतील. सुटणे नाही, फौजदार म्हणाला.

मला आनंद झाला नाही. बरोबर ठरलो, एवढेच.

ता. ५ फेब्रुवारी, रविवार

तुळसाला घरी आणले. ती रडत नाही. भिंतीकडे तोंड करून निजते. आज रंगू पाणी भरायला गेली तेव्हा उठून माझ्यापुढे बसली.

"बा, तुला सगळं ठावं असतं. मी कुंकू लावू का पुसू, तेवढं सांग."

मी वही मिटली.

"अंग गावलं नाय. लावलं तर लोक हसतात, पुसलं आन् तो आला तर? तू सांग. तू सांगशील तसं करते."

म्हटले, निकाल लागू दे. धाकू कबूल होईल, कुठे टाकले ते सांगेल. मग सांगतो.

ती तशीच अर्धे पुसलेले कुंकू घेऊन बसली. तिला माहीत नसावे की अर्धे पुसले गेले आहे. मी सांगितले नाही.

ता. ७ फेब्रुवारी, मंगळवार

धाकूची बायको ठमाबाई आली. उंबऱ्याबाहेर बसली, आत ये म्हटले तरी येईना.

"भावजी, तो तोंडाचा वाईट हाय. हाताचा नाय. तुमचा बांध फुटला तवा त्याच राती तुमच्या उघाडीवर दगड कोनी आनले? आठवा."

आठवते. सतरा खेपा केल्या होत्या धाकूने. तेव्हाही मी मोजल्या होत्या.

"तुम्ही येकदा म्हना की पानी जास्ती असंल. येकदा म्हना, चूक व्हऊ शकते."

म्हटले, माझी होत नाही.

रंगूने तिला भाकरी दिली. तिने पदरात घेतली नाही.

ता. ११ फेब्रुवारी, शनिवार. माघ अमावास्या

ठमाबाईचे बोलणे डोक्यातून जाईना. ठरवले, स्वतः उतरून पाहायचे. मोघम बोलायला मी कारकून नव्हे.

घड्याळ आणि खुणा केलेला बांबू घेऊन गेलो. रंगू कंदील घेऊन काठावर. रघु गेला त्याच वेळेला, सहा वाजून वीसला, पाण्यात शिरलो. मधोमध थांबलो. मांडी! मांडीच्या वर चार बोटे, जास्त नाही. बांबूवर खूण केली. थांबून राहिलो. घड्याळात साडेसहा होत आले तरी कंबर भिजली नव्हती. धाकू खोटा. संपले.

रंगू काठावरून काहीतरी ओरडत होती, हात वर करून. वारा उलटा. बाहेर आल्यावर विचारले.

"अहो, टोल कुठं पडले सहाचे? तुम्ही उतरलात तेव्हा पडले नव्हते. तुम्ही काठाला यायला आणि पहिला टोल पडायला एक गाठ."

टोलाच्या शिपायाला डुलकी लागली असेल, मी म्हणालो.

"रोज लागते का?"

ह्या बाईला कंदील नीट धरता येत नाही. वाटेत दोनदा विझला.

ता. १२ फेब्रुवारी, रविवार

स्टेशनावर जाऊन घड्याळ लावले. तीन आठवड्यांत फरक एक मिनिट. उत्तम चालते आहे.

ता. १७ फेब्रुवारी, शुक्रवार

समन्स आले. बुधवारी ता. २२, ठाण्याच्या कचेरीत अकरा वाजता, मॅजिस्ट्रेटसाहेबांपुढे. वही बरोबर आणण्याविषयी लिहिले आहे. वही! माझी वही, कचेरीत! माझ्या बापाला कचेरीची पायरी चढताना वहाणा हातात घ्याव्या लागत.

तुळसाला वाचून दाखवले. "मग कळंल?" म्हणाली. म्हटले, कळेल.

ता. २१ फेब्रुवारी, मंगळवार

उद्याच्या सगळ्या वेळा एका पानावर मांडल्या. नाथा, पोपट, रघु. तिघेही सहाच्या टोलानंतर, तिघेही पावणेसातच्या आत. बांबूही नेणार.

एकच बारीक गोष्ट बसत नाही. पाटी मी डिसेंबरात बदलली. त्याआधी पंचवीस वर्षे माणसे त्याच उतारातून गेली. धाकू तेव्हाही तिथेच होता. एकही पोर गेले नाही.

पण तेव्हा धाकूची होडी भरलेली जात होती. म्हणजे बसते. बसते आहे.

रंगू सदऱ्याला इस्त्रीचा तांब्या फिरवते आहे. निखारा कमी पडला. ती त्या अमावास्येपासून बोलतच नाही.

ता. २२ फेब्रुवारी, बुधवार. कचेरीच्या पायरीवर

माझ्या घड्याळात अकराला दहा कमी असताना आलो. दार बंद. साडेअकरा व्हायला आले तेव्हा शिपाई बाहेर आला आणि माझ्या डोक्यावर, हातभर अंतरावर, टोल मारू लागला. मोजले. अकरा.

त्याला म्हणालो, अर्धा तास उशीर. तो माझ्या घड्याळाकडे बघून हसला. "हे स्टेशनाचं दिसतंय काका. आगगाडी मद्रासच्या वेळेवर चालते, अर्धा तास पुढं. कचेरी मुंबईच्या. ठाण्यात शेंबड्या पोराला ठाऊक आहे."

बापाचा हिशोब बरोबर होता. फरक घड्याळातला होता, तो मी खाडीच्या नावावर घातला. वेळ स्टेशनाची, रेघा कचेरीच्या टोलाच्या. टोलाने उतार सव्वासहालाच बंद होत होता. अर्धा तास मी जास्त दिला. तिघांना. आणि अमावास्येला मी उतरलो तो रघुच्या वेळेला नाही, अर्धा तास आधी. धाकू खरे बोलला. पाणी छातीला होते.

समोर धाकू बसला आहे, बेड्या घालून. माझ्याकडे बघत नाही. ठमाबाई बघते आहे.

तुळसाला काय सांगायचे ते आता मला माहीत आहे.

शिपाई माझे नाव पुकारतो आहे. पहिल्याच हाकेला ऐकू आले. ही वही साहेबांपुढे ठेवणार आहे. ह्या पानासकट.